भोवळ, भ्रम आणि अभ्यास

संस्कृतातील ‘भ्रम्’ या धातूचा मूळ अर्थ फिरणे असा असून त्याच्यापासून भ्रमण, भ्रमर आणि भ्रमिष्ट हे शब्द निघाले, तर प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरताना त्याच कुळात भोवणे, भोवरा आणि भोवळ हे शब्द जन्मले. देहाचे गरगरणे, पायांचे भटकणे आणि बुद्धीचे चुकणे या तीन गोष्टी भाषेने अशा रीतीने एकाच घरात नांदवल्या. शास्त्रांनी मात्र त्या वेगळ्या केल्या. आयुर्वेदात भ्रम हे व्याधीचे नाव आहे: चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाताचे जे ऐंशी विकार मोजले आहेत त्यांत भ्रमाची गणना होते, आणि माधवनिदान भ्रमाच्या मुळाशी रजोगुणासह पित्त आणि वात यांना धरते. दर्शनशास्त्रात भ्रम म्हणजे अयथार्थ ज्ञान, एखादी वस्तू जशी नाही तशी भासणे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात भ्रमनिरूपणासाठी एक स्वतंत्र समास योजला आणि त्यात दिशाभुलीसारख्या रोजच्या अनुभवांपासून थेट परमार्थातील चुकीपर्यंतचा पल्ला एका दमात गाठला. एरवी वैद्याचा भ्रम आणि तार्किकाचा भ्रम एकमेकांच्या वाटेला गेलेले फारसे दिसत नाहीत. चूक ही चूक आहे असे पक्के कळल्यानंतरही ती का टिकून राहते, आणि अशी टिकलेली चूक अखेर कशाने जाते, हा प्रश्न मात्र दोघांचाही आहे, आणि भोवळीवर आज जे व्यायामोपचार होतात त्यांनी या जुन्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

अद्वैत वेदान्तात भ्रमाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दोरीवर भासणाऱ्या सापाचे आहे. दिवा आणला, दोरी दिसली, की साप नाहीसा होतो. तो हळूहळू विरत नाही किंवा त्याला हाकलावेही लागत नाही. ज्ञानानेच अज्ञान जाते, कर्माने नाही, या सिद्धान्ताला या उदाहरणाने बळ मिळते. परंतु त्याच परंपरेने दुसऱ्या जातीचा भ्रमही ओळखला होता. शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो तांबडा नाही हे पाहणाऱ्याला ठाऊक असले तरीही तो तांबडाच दिसत राहतो. जवळ राहून आपला गुण दुसऱ्यावर उमटवणाऱ्या अशा वस्तूला ‘उपाधी’ म्हणतात. म्हणून पहिला भ्रम निरुपाधिक आणि दुसरा सोपाधिक. निरुपाधिक भ्रम ज्ञान होताच मावळतो, तर सोपाधिक भ्रमात ज्ञान झाल्यावर मनुष्य फसत नाही एवढेच, भास मात्र उपाधी असेपर्यंत चालू राहतो. भोवळ आलेल्या माणसाला खोली फिरत नाही हे पूर्णपणे माहीत असते, तसे विचारले तर तो सांगतोही, आणि तरीही त्याला पलंगाची कड घट्ट धरावी लागते. भोवळ हा सोपाधिक भ्रम होय, आणि तिची उपाधी कोठे आहे हे शरीरविज्ञानाने बऱ्याच नेमकेपणाने दाखवून दिले आहे.

प्रत्येक कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या शंखाकृती अवयवाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी जवळजवळ काटकोनात बसवलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका डोक्याबरोबर वळते, पण आतला द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि नलिकेच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा वाकवतो. केशपेशी, म्हणजे त्या पडद्यात रुतलेले केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या संवेदक पेशी, या वाकण्याची वर्दी मेंदूला देतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात आणि त्यांच्या भारामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. या नलिका गतीची इंद्रिये आहेत हे 1870च्या दशकात अर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर आणि अलेक्झांडर क्रम ब्राउन या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडले. यांपैकी माख पुढे संवेदनांच्या तत्त्वज्ञानासाठी विख्यात झाला, आणि जग म्हणून जे हाती येते ते संवेदनांमधूनच येते असे म्हणणाऱ्या विचारवंताने आधी गतीच्या संवेदनेचा कसून अभ्यास केलेला असावा, हे त्याच्या विचाराशी सुसंगतच आहे.

फुगडी खेळणाऱ्या मुलींना या यंत्रणेचा प्रत्यय पुस्तकावाचून येतो. बराच वेळ एका वेगाने गरगर फिरल्यावर नलिकेतला द्रव नलिकेचा वेग पकडतो आणि फिरण्याची जाणीव कमी होत जाते; हात सुटले, पाय थांबले, की नलिका थांबते पण द्रव पुढे वाहत राहतो, आणि स्थिर अंगण उलट्या दिशेने फिरू लागते. कारण थांबले तरी वेग उरतो या गोष्टीला सांख्यांनी आणि वेदान्त्यांनी फार मोठे तात्त्विक महत्त्व दिले आहे. सांख्यकारिकेच्या सदुसष्टाव्या कारिकेत ज्ञान झालेल्या पुरुषाचे शरीर का टिकते याचे उत्तर कुंभाराच्या चाकाच्या दृष्टान्ताने दिले असून तेथे चाकाच्या फिरण्यासाठी योजलेला शब्द ‘भ्रमि’ हाच आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्याच्या चौथ्या अध्यायात हेच चाक वापरले, आणि त्याच्या जोडीला डोळ्यांच्या दोषामुळे दिसणाऱ्या दोन चंद्रांचे उदाहरण दिले: चंद्र एकच आहे असे ज्ञान झाल्यावरही संस्काराच्या बळावर दोन चंद्र काही काळ दिसत राहतात. म्हणजे ज्ञानाला सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या आचार्यांनाही बाधित झालेला, खोटा ठरलेला भ्रम आणि संपलेला भ्रम यांत अंतर ठेवावे लागले.

भोवळीच्या विकारांतही उपाधी एकाच जातीची नसते. पहिल्या प्रकारात ती अक्षरशः हलवता येते. वर सांगितलेल्या स्फटिकांतील काही कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, जाऊन पडले की बिछान्यात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर करताना एक मिनिटाच्या आत शमणारी पण अत्यंत तीव्र गरगर येते. डोके हलले की कण घरंगळतात, द्रवाला ओढतात, आणि थांबलेले डोके फिरत असल्याची वर्दी मेंदूला जाते. अशा स्थितिजन्य भोवळीचे वर्णन रॉबर्ट बाराणी याने 1921 साली केले. कानात कोमट किंवा गार पाणी सोडून द्रवात प्रवाह निर्माण करण्याची आणि स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाला भोवळ आणण्याची कसोटीही त्याचीच, आणि अंतर्कर्णावरील त्याच्या कामाला 1914चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. 1952 साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी या विकाराची निदानचाचणी निश्चित केली, आणि जॉन एप्ली या अमेरिकन शल्यविशारदाने डोके ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेतून पुन्हा पिशवीत घरंगळवण्याची रीत घालून दिली. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला बसवून, आडवे करून, मान एका बाजूकडून दुसरीकडे वळवून, प्रत्येक टप्प्यावर थोडे थांबून ही क्रिया काही मिनिटांत करतात, आणि बहुसंख्य रुग्णांत एक-दोन वेळांतच गुण येतो. स्फटिकाजवळचे फूल उचलून बाजूला ठेवावे तसेच हे आहे, फक्त येथे फुलाची जागा स्वतः स्फटिकांनीच घेतलेली असते.

दुसऱ्या प्रकारात उपाधी उचलून ठेवण्याची सोय नसते. डोके पूर्ण स्थिर असतानाही दोन्ही कानांच्या संतुलन-मज्जातंतूंतून संदेशांचा एक अखंड प्रवाह मेंदूकडे वाहत असतो. उजवीकडे वळले की उजवा प्रवाह वाढतो व डावा घटतो, आणि दोन्ही सारखे असले की मेंदू ‘डोके स्थिर आहे’ असा निष्कर्ष काढतो. मज्जातंतूच्या दाहामुळे एक बाजू अचानक निकामी झाली तर दोन प्रवाहांत मोठा फरक पडतो, आणि मेंदू त्यावरून निरोगी बाजूकडे वेगाने फिरत असल्याचे अनुमान करतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर अनुमानाची रीत बिनचूक आहे, पण ज्या खुणेवरून अनुमान केले तो हेतूच दुष्ट आहे. अशा खोट्या हेतूला नैयायिक हेत्वाभास म्हणतात. येथे आणखी एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. गती नसणे हेही मेंदूला संदेशाच्या रूपानेच कळते, आणि एका बाजूचा संदेश थांबला तर त्या मौनाचा अर्थ शांतता असा न लागता वादळ असा लागतो. स्थैर्य म्हणजे गतीचा नुसता अभाव नव्हे; दोन साक्षीदारांची साक्ष जुळली म्हणजे ते घडते, आणि एक साक्षीदार गप्प झाला की बिघडते.

अशा वेळी काय करावे, या प्रश्नाला वेदान्ताच्या इतिहासात एक नेमके प्रतिरूप आहे. मंडनमिश्रांनी ब्रह्मसिद्धीत असे प्रतिपादन केले की महावाक्याच्या श्रवणाने ब्रह्मात्मैक्याचे ज्ञान झाले तरी अनादि काळापासून दृढ झालेले मिथ्या संस्कार त्या एका ज्ञानाने पुसले जात नाहीत. विश्वासू माणसाने योग्य दिशा सांगितल्यावरही दिशाभूल झालेल्याला पूर्व ही पश्चिमच वाटत राहते, म्हणून त्या संस्कारांच्या विरुद्ध संस्कार निर्माण करणारे पुनःपुन्हा चिंतन आवश्यक आहे. या मताला प्रसंख्यानवाद म्हणतात. प्रसंख्यान म्हणजे जाणलेल्या अर्थाची सतत आवृत्ती. शंकराचार्यांनी उपदेशसाहस्रीत आणि सुरेश्वराचार्यांनी नैष्कर्म्यसिद्धीत हे मत खोडून काढले. त्यांचा मुद्दाही दुर्बळ नाही. प्रमाणाने जे ज्ञान एकदा दिले ते आवृत्तीने अधिक खरे होत नाही, आणि पहिल्यांदा जे प्रमाण ज्ञान देऊ शकले नाही ते शंभर वेळा उच्चारल्याने देईल असे मानायला आधार नाही. मोक्ष जर अभ्यासाने उत्पन्न होत असेल तर तो इतर कर्मफळांसारखा नाशवंत ठरेल, ही त्यांची खरी भीती होती.

भोवळीच्या उपचाराचा अनुभव या वादात कोणाच्या बाजूने बोलतो? वरवर पाहता मंडनांच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये टेरेन्स कॉथोर्न हा कर्णशल्यविशारद आणि कुक्सी हा पुनर्वसनाचे काम पाहणारा वैद्य, डोक्याला इजा झालेल्या आणि कानाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर उपचार करीत होते. जे रुग्ण लवकर हालचाल करू लागतात ते लवकर बरे होतात असे दिसल्यावर त्यांनी व्यायामांची एक क्रमवार मालिका आखली. ती बिछान्यात पडूनच डोळ्यांच्या हालचालींनी सुरू होते, मग मान, मग बसून पुढे वाकणे, उभे राहणे, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकणे, डोळे मिटून चालणे, जिने चढणे, अशी वाढत जाते. आजची व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपी, म्हणजे अंतर्कर्णाच्या संतुलन-यंत्रणेसाठीचा व्यायामोपचार, याच बीजातून वाढली आहे. तिचा सर्वांत साधा व्यायाम असा असतो: हातभर अंतरावर धरलेल्या कागदावरील एका अक्षरावर नजर खिळवायची आणि मान डावी-उजवीकडे इतक्या वेगाने हलवायची की अक्षर पुसट होण्याच्या सीमेवर येईल पण पुसट होणार नाही. डोके एका दिशेला वळले की डोळे तेवढेच उलट दिशेला वळवून दृश्य स्थिर ठेवणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया कानापासून डोळ्यांपर्यंत पोचलेली असते, आणि तिला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. कान दुबळा झाला की ती कमी पडते आणि दृश्य नेत्रपटलावर घसरते. ही घसरण, म्हणजे चूक, हाच मेंदूला दुरुस्तीसाठी मिळणारा मुख्य पुरावा असतो. म्हणून व्यायामात थोडी भोवळ यावीच लागते. मुळीच न आली तर शिकण्याजोगे काही घडलेले नसते, फार आली आणि बराच वेळ टिकली तर मात्रा चुकलेली असते. तीव्र झटक्याचे पहिले काही दिवस सोडले तर भोवळ दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणे आणि निश्चल पडून राहणे या दोन्ही गोष्टी बरे होण्यास अडथळा आणतात, त्याचे कारणही हेच आहे: भ्रम लपवला तर तो दुरुस्त होत नाही.

तरीही हा अनुभव सुरेश्वरांना खोटे पाडत नाही. खोली स्थिर आहे या वाक्याची हजार वेळा आवृत्ती करून कोणाचीही भोवळ गेलेली नाही, आणि फिजिओथेरपिस्ट तसे करायला सांगतही नाही. ज्याची आवृत्ती होते ते ज्ञान नव्हे, क्रिया. आणि जे बदलते ते मत नव्हे, तर मताच्या खाली काम करणारे करण, म्हणजे ज्ञानाचे साधन. ज्ञानाला आवृत्तीने बळकटी येत नाही हे सुरेश्वरांचे म्हणणे येथे खरे उतरते, आणि संस्काराला प्रतिसंस्कारच हटवतो हे मंडनांचेही खरे उतरते, कारण दोघे ज्या चुकीविषयी बोलत आहेत ती एका ठिकाणी राहत नाही. मत चुकले असेल तर योग्य ज्ञान पुरते; करण चुकले असेल तर ज्ञान त्याच्या दाराशी थांबते आणि आत अभ्यासाला जावे लागते. पतंजलीने अभ्यासाची व्याख्या स्थितीसाठी केलेला यत्न अशी केली, आणि तो पुष्कळ काळ, खंड न पाडता व आदरपूर्वक केला तरच पक्का होतो अशी अट घातली. दिवसातून किमान तीनदा, काही आठवडे, थोडी थोडी भोवळ सोसून मान हलवत राहण्याचा उपचार त्या अटीहून फार निराळा नाही.

मग ज्ञानाचे काम काय उरते? ते थोडे नाही. भोवळ आलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार बहुधा पक्षाघाताचा किंवा मेंदूतल्या गाठीचा येतो, आणि काही थोड्या रुग्णांत भोवळीचे कारण खरोखर मेंदूत असते, म्हणून आधी वैद्यकीय तपासणी हवीच. ती झाल्यावर कारण कानात आहे, भास खोटा आहे आणि हालचालीने इजा होणार नाही हे पटले नाही, तर मनुष्य मान ताठ धरून, भिंतीचा आधार शोधत, गर्दी आणि जिने टाळत जगू लागतो. मूळ दुखणे शमल्यावरही महिनोन्‌महिने डोलल्यासारखे वाटत राहण्याची जी अवस्था बाराणी सोसायटीने 2017 साली निदानाच्या निकषांसह नोंदवली, तिच्या मुळाशी अशी अतिसावधता आणि डोळ्यांवर जडलेली वाजवीपेक्षा जास्त भिस्त यांचा मोठा वाटा असतो. श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, तर्काने पारखणे आणि मुरवणे, या वेदान्तातील तीन पायऱ्यांचा क्रम येथे आपोआप दिसतो: आधी कळावे लागते, मग शंका फिटावी लागते, तेव्हा कुठे अभ्यासाला धीर होतो. ज्ञान भोवळ घालवत नाही. भोवळ येऊ देण्याचे धैर्य देते.

निरोगी माणसाला जग स्थिर दिसते ही गोष्ट इतकी सहज वाटते की ती मुळात दिलेलीच आहे असा समज होतो. स्ट्रेप्टोमायसिनमुळे ज्याच्या दोन्ही कानांची संतुलन-यंत्रणा नष्ट झाली होती अशा एका डॉक्टरने 1952 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये केवळ आद्याक्षरांनिशी आपला अनुभव लिहिला. बिछान्यात वाचताना नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी पानावरची अक्षरे उडत, आणि रस्त्याने चालताना समोरच्याचा चेहरा ओळखण्यासाठी त्याला थांबावे लागे. जगाचा हा थरथराट प्रत्येकाच्या डोक्याला प्रत्येक पावलाला बसतच असतो. फक्त तो क्षणोक्षणी पुसला जातो. सरळ उभ्या असलेल्या माणसाचे शरीरही कधी निश्चल नसते, ते सतत किंचित झुकते आणि सावरते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचे चित्र पुष्कळदा दगडासारख्या अविचलतेचे मानले जाते, परंतु देहाच्या स्थैर्याचा हा दाखला विचारात घेतला तर स्थिती हे विश्रांतीचे नव्हे, अखंड दुरुस्तीचे नाव ठरते, आणि सुखदुःखांत सम राहणे म्हणजे झोक न जाणे असे नसून झोक गेल्याचे लवकर कळणे असा अर्थ अधिक संभवनीय वाटू लागतो.

या तुलनेला मर्यादा आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. वेदान्ताला जो भ्रम घालवायचा आहे त्यात ही खोली, तिच्या भिंती आणि तीत उभा असलेला देह हे सर्वच येते. व्यायामोपचार माणसाला त्याच खोलीत परत नीट उभे करतो, म्हणजे व्यावहारिक सत्तेकडे नेतो, पारमार्थिक सत्तेकडे नाही. त्याची सत्याची कसोटीही नैयायिकांची आहे: ज्या ज्ञानाला धरून केलेली कृती यशस्वी होते ते प्रमाण. पाणी समजून गेलेल्याची तहान भागली तर ते पाणी होते; चालता चालता दुकानाची पाटी वाचता आली तर तोल आला. मोक्षाला अशी कसोटी लावता येईल का, हा प्रश्न येथे सुटत नाही. मात्र ज्ञानाने अज्ञान जाते या विधानात कोणते अज्ञान असे विचारण्याची सवय भोवळ लावते.

बरा झालेला रुग्ण बाराणीच्या कसोटीवर पुन्हा तपासला तर निकामी कान बहुधा तसाच गप्प आढळतो. मेंदूने दुसऱ्या कानाशी, डोळ्यांशी आणि तळपायांशी नवा करार केलेला असतो, आणि दिवसाउजेडी, सपाट जमिनीवर, कोणाला काही कळत नाही. काळोखात मऊ वाळूवर चालताना, जेथे डोळे आणि तळपाय दोन्ही साक्ष देऊ शकत नाहीत, तेथे जुनी उणीव पुन्हा प्रकट होते. आता तो तिला घाबरत नाही, आणि ती उरली नाही असेही मानत नाही. शेजारी चालणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि पुढचे पाऊल टाकतो.